आमची तलवारबाजी

साठी उलटलेल्या मनुष्यानें काय करावें याची एक अलिखित यादी आपल्या समाजानें तयार करून ठेवली आहे. पहांटे फिरावयास जावें, नातवंडांना गोष्टी सांगाव्या, प्रवचनें ऐकावीं, गुडघ्यांना तेल चोळावें आणि वर्तमानपत्र निधनवार्तांपासून वाचावयास आरंभ करावा. या यादींतील बहुतेक कलमें आम्ही निष्ठेनें पाळतों. परंतु गेलें दीड वर्ष आम्हीं जो एक उद्योग आरंभिला आहे, त्याला मात्र त्या यादींत कोठेंच जागा नाहीं. आम्ही तलवार चालवावयास शिकत आहों.

वाचकांनीं दचकण्याचें कारण नाहीं. आमच्या घरांत शस्त्र म्हणावें असें विळीपलीकडे कांहीं नाहीं, आणि तीहि आमच्या ताब्यांत नसते. आमची तलवार चालते ती संगणकाच्या पडद्यावर, आणि मुठीऐवजीं आमच्या हातांत असतो तो माउस. ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’ नांवाच्या एका खेळांत आमचें हें शिक्षण चाललें आहे. प्राग शहरांतील वॉरहॉर्स स्टुडिओज या मंडळींनीं तो २०१८ च्या फेब्रुवारींत प्रसिद्ध केला. नाटकांत नट जशी एखाद्या पात्राची भूमिका घेतो, तशी या जातीच्या खेळांत खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो. फरक इतकाच कीं येथें संवाद पाठ केलेले नसतात, आणि पडदा केव्हां पडेल हें पुष्कळ वेळां नटाच्या हाताच्या सफाईवर अवलंबून असतें.

कथा घडते ती १४०३ सालच्या बोहेमियांत, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकांत. त्या देशाचा राजा चौथा वेन्सेस्लाउस याला त्याचा सावत्र भाऊ, हंगेरीचा राजा सिगिस्मुंड, यानें आदल्या वर्षीं कैद केलें होतें. हा इतिहास आहे, कादंबरी नव्हे. त्या धामधुमींत सिगिस्मुंडाचें सैन्य स्कालित्झ नांवाच्या, चांदीच्या खाणींवर जगणाऱ्या एका खेड्यावर चालून येतें, गांव जाळतें, आणि तेथील लोहाराचा मुलगा हेन्री एका दिवसांत पोरका होऊन जीव घेऊन पळतो. हा हेन्री म्हणजेच आम्ही. या खेळांत जादू नाहीं, उडणारे सर्प नाहींत, आणि नायकाच्या अंगीं दैवी तेजहि नाहीं. हेन्रीला अक्षरओळख नाहीं. तलवार त्यानें बापाच्या भट्टीवर घडतांना शेंकडों वेळां पाहिली आहे, परंतु ती धरून माणसासमोर उभें राहण्याचें बळ त्याच्या अंगीं नाहीं. थोडक्यांत, नायक आणि खेळणारा हे दोघेहि सारखेच अडाणी. आम्हांला तर हा समसमासंयोगच वाटला.

आमच्या हेन्रीची पहिली लढाई कोणत्या सिंहासनासाठीं झाली म्हणाल, तर खिळ्यांसाठीं झाली. बापानें एका दारुड्या गांवकऱ्याला कुऱ्हाड, हातोडा आणि खिळे उधारीवर दिले होते, त्यांची वसुली करावयाची होती. मागून तो देत नाहीं, आणि हातघाईवर यावें तर त्याच्या मुठी आपल्याहून जड. आम्ही मार खाऊन धुळींत पडलों. पुढें गांव जळाल्यावर आईबापांच्या देहांना मूठमाती देण्यासाठीं परतलेल्या हेन्रीला एका लुटारूनें लोळविलें आणि बापाच्या हातची तलवार हिसकावून नेली. त्या ठिकाणीं जिंकणें कथेलाच मंजूर नाहीं, हें आम्हांला मागाहून समजलें. परंतु त्यानंतरचे आमचे जे पराभव झाले त्यांत कथेचा कांहीं दोष नव्हता. साझावा नदीच्या खोऱ्यांतील प्रत्येक रानांत, प्रत्येक वळणावर, आम्ही एकदां तरी मेलों आहों.

आतां कोणी विचारील कीं, या वयांत हें कशासाठीं? आमचें वय एकुणसत्तर आहे. तेहतीस वर्षें एका सरकारी कचेरींत आरेखक म्हणून पुलांचे आणि रस्त्यांचे नकाशे काढून आम्ही निवृत्त झालों. निवृत्ति ही एका दिवसाची गोष्ट आहे असें सेवापुस्तक म्हणतें. वस्तुतः ती पुढें कित्येक वर्षें हप्त्यांनीं चालूच राहते. स्कूटरची किल्ली मुलानें प्रेमानेंच काढून घेतली. भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देण्यासाठीं स्टुलावर चढणें सुनेनें काळजीपोटीं बंद केलें. सुईंत दोरा ओंवणें डोळ्यांनीं आपण होऊन सोडून दिलें, आणि बँकेचीं कामें मुलाच्या टेलिफोनांत जाऊन बसलीं. यांत कोणाचा अन्याय नाहीं. परंतु ज्या मनुष्याच्या हातून दर वर्षीं एकेक विद्या निघून जात आहे, त्याला कधीं तरी वाटतेंच कीं, या हातांत आतां नवें असें कांहीं यावयाचें आहे कीं नाहीं? कीं यापुढें जमेची बाजू कोरीच ठेवून नुसता खर्च मांडीत बसावयाचें? आमचा नातू दिवाळीच्या सुटींत वसतिगृहांतून आला, आणि त्यानें हा खेळ घरच्या संगणकावर मांडला. आम्ही मागें खुर्ची घेऊन पाहात बसलों होतों. तो म्हणाला, “आजोबा, नुसतें बघतां कशाला? धरा एकदां.” आमच्या मनांतील प्रश्नाचें उत्तर शोधण्याची ही एक सोय आहे, असें समजून आम्हीं माउस धरला.

खेळांत हेन्रीच्या प्रत्येक विद्येला एक आंकडा आहे. तलवार, बचाव, बळ, चपळाई, इतकेंच काय, मद्यपान सुद्धां! प्रत्येकीच्या वीस पायऱ्या आहेत, आणि जी विद्या वापरावी ती वाढत जाते. हें पाहून प्रथम आमच्या मनांत शंका आली कीं, ही सारी प्रगति हेन्रीची. आमचें यांत काय? घोडा धावतो आणि शाबासकी स्वाराला, असा तर हा प्रकार नव्हे? या शंकेचा निकाल आम्हीं नातवाच्या मदतीनें एका दुपारीं लावला. त्याच्या जुन्या डावांतील हेन्री सर्व विद्यांत विसाव्या पायरीवर पोहोंचलेला होता. तो आम्हीं चालवावयास घेतला, आणि रानांतील चौघांच्या टोळीनें त्या महावीराला घेरून पांच मिनिटांत आडवा केला. नंतर आमचा चौथ्या पायरीवरचा कच्चा हेन्री नातवानें घेतला, आणि ज्या एकट्या लुटारूनें आम्हांला तीन वेळां मारलें होतें त्याला त्यानें अंगावर ओरखडा न येतां संपविलें. तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं येथें विद्यार्थी दोन आहेत. एकाची प्रगति आंकड्यांत लिहिली जाते. दुसऱ्याची कोठेंच लिहिली जात नाहीं, आणि निर्णय मात्र तिच्यावरच होतो.

आपल्या मराठींत ‘तालीम’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. जेथें शिकावयाचें ती जागाहि तालीम आणि जें करून शिकावयाचें तो सरावहि तालीमच. आमच्या खेळांतली तालीम रताये नांवाच्या गांवांत आहे, आणि तेथील वस्ताद म्हणजे कॅप्टन बर्नार्ड. आपल्याकडे फरी-गदग्याच्या खेळांत तलवारीच्या जागीं चामड्यानें मढविलेली काठी येते, त्याचप्रमाणें येथेंहि सरावासाठीं लाकडी तलवार मिळते. नातू म्हणे, “आजोबा, एक-दोन धडे घ्या आणि पुढें चला, गोष्ट थांबलीय.” आम्हीं गोष्ट थांबूं दिली. राजा कैदेंत आहे, गांव जळालेलें आहे, बापाची तलवार परत मिळवावयाची आहे. आणि आम्ही मात्र पंधरा दिवस रोज संध्याकाळीं तासभर त्या मैदानावर बर्नार्डच्या हातून मार खात राहिलों. तेथें हारलें तरी कोणी मरत नाहीं. मैदानाबाहेर हार फार महाग पडते. या खेळांत डाव जतन करावयाचा म्हणजे एक विशिष्ट मद्य जवळ बाळगून तें प्यावें लागतें, नाहीं तर आपल्या अंथरुणावर जाऊन झोपावें लागतें. तें न करतां रानांत मेलांत, तर गेल्या तासाभराचें सारें पुण्य वाया जातें. त्यामुळें तलवार उपसण्यापूर्वीं मनुष्य विचार करतो, आणि विचार करण्याची पाळी आली म्हणजेच शिक्षणाला सुरुवात होते.

आम्ही प्रथम शिकलों तें वार करणें नव्हे, तर दम राखणें. हेन्रीच्या दमाची एक पट्टी पडद्यावर दिसत असते. वार करतांना ती घटते, वार अडवतांनाहि घटते, आणि थांबलें म्हणजे पुन्हां भरूं लागते. ती रिकामी झाली कीं शत्रूचा घाव थेट जिवावर येतो. जखमी मनुष्याला तर पूर्वींइतका दम पुन्हां मिळतच नाहीं. जिने चढतांना हें सत्य आम्ही रोज अनुभवतों, म्हणून या धड्यांत आम्ही तरुणांच्या पुढें होतों. नवशिका पोरगा पांच-सहा वार एका दमांत करतो आणि मग धापा टाकीत मरतो. आमचा नियम दोन वारांचा. दोन वार करावे, मग एक पाऊल मागें घ्यावें, पट्टी भरूं द्यावी, आणि पुन्हां दोन.

दुसरा धडा जागेचा. शत्रु एकच असेल तर त्याच्या तलवारीच्या टोंकापासून वीतभर बाहेर राहावें. त्याचा वार हवेंत गेला कीं त्याचा दम खर्च होतो आणि आपला शिल्लक राहतो. शत्रु दोन असतील तर कधींहि त्यांच्या मध्यें उभें राहूं नये. मागें सरत, किंचित् वळत, त्यांना एका रेषेंत आणावें, म्हणजे मागला पुढल्याच्या पाठीआड अडकतो आणि दोघांची लढाई क्षणभर एकाशीं होते. तेहतीस वर्षें रेषा आणि अंतरें यांतच घालविलेल्या मनुष्याला हा धडा ओळखीचा वाटला.

तिसरा धडा दिशांचा. या खेळांत तलवारीच्या वाराच्या पांच दिशा आहेत. डोक्यावर एक, खांद्यांच्या बाजूंनीं दोन, आणि खालून दोन. एका दिशेला तलवार उचलावी, शत्रु तेथें अडवावयास गेला कीं ऐनवेळीं ती फिरवून दुसरीकडे मारावी, याला आपण ‘हूल देणें’ म्हणतों. शिवाय कोणतें शस्त्र कोठें चालतें याचीहि जाण हवी. पोलादी चिलखत घातलेल्या गड्यावर तलवारीची धार केवळ आवाज काढते. त्याच्यापुढें गदाच घ्यावी. आणि धार! ती प्रत्येक लढाईनंतर जाते, आणि सहाणेच्या चाकावर बसून आपली आपणच लावतां येते. पायानें चाकाची गति सांभाळावी, हातानें पात्याचा कोन सांभाळावा, आणि ठिणग्यांकडे लक्ष ठेवावें. नातवाला हें काम कंटाळवाणें वाटे. आयुष्यभर पेन्सिलींना टोंकें करीत आलेल्या आम्हांला मात्र त्या चाकाशीं बसून राहण्यांत जें समाधान लाभलें, तें आम्ही येथें शब्दांत सांगूं शकत नाहीं.

इतकें झालें तरी एक अडचण राहिलीच. शत्रूचा वार येत असतां एका क्षणीं पडद्यावर एक लहानशी हिरवी ढाल चमकते. त्याच क्षणीं बटण दाबलें तर वार अचूक अडतो, दम खर्च होत नाहीं, आणि लगेच उलटवार करावयास जागा मिळते. क्षणभर उशीर झाला तर सारें फुकट. हा क्षण आमच्या हातीं लागेना. नातवाचें बोट ढाल दिसतांच पडे. आमचें बोट ढाल मावळल्यावर पडे. डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, उजव्याची व्हावयाची आहे. डोळ्यांतून मेंदूंत आणि मेंदूंतून बोटांत निरोप पोहोंचण्यास आमच्या वयांत जो वेळ लागतो तो कोणत्याहि सरावानें विशीच्या मुलाइतका होणार नाहीं, हें उघड होतें. येथेंच आमची जमेची बाजू मिटते कीं काय, असें कांहीं दिवस वाटत राहिलें.

याच सुमारास, या खेळांतील विद्येचें मूळ कोठें असावें म्हणून आम्ही जुन्या युरोपीय शस्त्रविद्येविषयीं मिळेल तें वाचूं लागलों होतों. युरोपांत आणि अमेरिकेंत आज अनेक मंडळ्या मध्ययुगांतील हस्तलिखितें समोर ठेवून ही विद्या पुन्हां उभी करीत आहेत. त्यांच्या वाचनानें आमच्या कित्येक कल्पना दुरुस्त झाल्या. त्या काळच्या तलवारी अवजड असत, त्या उचलणें म्हणजे राक्षसाचें काम, ही समजूत खोटी आहे. दोन्ही हातांनीं धरावयाची तलवार सुद्धां दीड किलोच्या आंतबाहेर असे. म्हणजे भाजीच्या पिशवीहून हलकी.

या ग्रंथकारांत फिओरे देइ लिबेरि नांवाचा एक इटालियन वस्ताद आहे. फेराराच्या निकोलो द’एस्ते या सरदारासाठीं त्यानें १४१० च्या सुमारास एक सचित्र ग्रंथ सिद्ध केला. आमचा हेन्री ज्या काळांत वावरतो, त्याच काळांतला हा गुरु. त्या ग्रंथाची एक प्रत आज लॉस एंजेलिस येथील गेटी संग्रहालयांत आहे. तिच्या एका पानावर मध्यभागीं एक मनुष्य उभा असून त्याच्या सभोंवतीं चार प्राणी काढलेले आहेत. वाघाजवळ बाण आहे. तो वेगाची खूण. सिंहाजवळ हृदय आहे. तें धैर्याचें चिन्ह. पायांखालीं पाठीवर मनोरा घेतलेला हत्ती आहे. तो बळाचा आणि स्थैर्याचा आधार. आणि सर्वांच्या वर, मनुष्याच्या डोक्यावर, लिंक्स नांवाचें तीक्ष्ण दृष्टीचें रानमांजर बसलें आहे. तें सावधपणाचें प्रतीक. त्या मांजराच्या पंजांत काय असावें? कंपास! नकाशा काढणाऱ्याच्या पेटींतला, दोन पायांचा कंपास!

तें चित्र पाहून आमच्या अंगावर रोमांच उभे राहिले, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. आम्हीं आमची झडती घेतली. वाघ गेला, तो परत येणार नाहीं. हत्ती तर गुडघ्यांतूनच गेला. सिंहाची गोष्ट घरांतल्या माणसांना विचारावी. परंतु लिंक्स? वाघाचा बाण वयाबरोबर बोथट होतो. कंपासाचें तसें नाहीं. नीट लक्ष दिलें तर दिसेल कीं, त्या प्राण्याचें कौतुक तो पुष्कळ पाहतो एवढ्यासाठींच नाहीं, तर तो पाहिलेलें मोजतो यासाठीं आहे. आणि मोजणें हें डोळ्यापेक्षां संवयीचें काम आहे.

दुसरा पुरावा जर्मन भूमीतून मिळाला. योहानेस लिख्तेनाउएर नांवाचा एक वस्ताद चौदाव्या शतकांत होऊन गेला. त्याची शिकवण त्याच्या परंपरेंतील लोकांनीं टिपून ठेवलेली आहे, आणि तिची एक जुनी वही न्यूरेंबर्गच्या संग्रहालयांत आहे. आपलें ज्ञान त्यानें अशा गूढ पद्यांत बांधलें होतें कीं परक्याला त्याचा बोध होऊं नये. त्या शिकवणींत तीन शब्दांना फार महत्त्व आहे. त्यांचा अर्थ ‘आधीं’, ‘नंतर’ आणि ‘त्याच क्षणीं’ असा सांगतां येईल. जो आधीं वार करतो, त्याच्या हातीं लढाईचा लगाम असतो. जो नंतर करतो, तो दुसऱ्याच्या मर्जीनें हलतो. आणि जो त्याच क्षणीं करतो, तो दुसऱ्याच्या हातून लगाम काढून घेतो. आमची हिरवी ढाल म्हणजे हाच ‘त्याच क्षणीं’. परंतु तो क्षण चमकल्यावर दिसतो असें थोडेंच आहे? ज्याला मोजतां येतें त्याला तो येण्यापूर्वींच ठाऊक असतो.

तेव्हांपासून आम्ही ढालीकडे पाहणें सोडलें आणि शत्रूच्या खांद्याकडे पाहूं लागलों. तलवार उचलण्यापूर्वीं खांदा वळतो, वजन पुढल्या पायावर येतें, आणि मग वार निघतो. आम्ही बर्नार्डसमोर उभे राहून मनांत अंक मोजूं लागलों. खांद्याला एक, पायाला दोन, आणि तीनच्या आधीं बोट! पहिल्या आठवड्यांत दहांत एक वार अडला. महिन्याअखेर दहांत चार. पावसाळा संपतां संपतां दहांत सात. नातू पुढल्या सुटींत आला तेव्हां आमच्या पाठीमागें उभा राहून बराच वेळ पाहात होता. शेवटीं म्हणाला, “आजोबा, तुम्ही ढाल दिसायच्या आधींच दाबतां!” आम्हीं मान हालविली. वेगानें जें जमलें नाहीं तें हिशेबानें जमलें होतें. हेन्रीचा आंकडा त्या वेळीं नऊ होता. आमचा आंकडा कोणी लिहिला नाहीं, तरी तो आम्हांला पाठ आहे.

वस्ताद आपला एक डाव राखून ठेवतो, असें आपल्या आखाड्यांत म्हणतात. बर्नार्डपाशींहि असा एक राखीव डाव आहे. शिष्य पुरेसा तयार झाला कीं तो शिकवितो. हा वस्तादी वार एकदां साधला म्हणजे ऐन क्षणीं अडविलेला प्रत्येक घाव आपोआप शत्रूवर उलटतो. त्याच्या पुढें शत्रूची मात्रा चालत नाहीं. तो शिकलों तेव्हां आम्हांला परीक्षेंत पहिला नंबर आल्यासारखें वाटलें. पंधरा दिवस रानांतल्या चोरांना आमची दहशत बसली. परंतु नंतर हळूहळू लढाईचा रंगच उडून गेला. वार करावयाचा नाहीं, हूल द्यावयाची नाहीं, जागा बदलावयाची नाहीं. फक्त समोरच्याच्या वाराची वाट पाहावयाची आणि तो आला कीं जिंकावयाचें. बरें, पटाईत शत्रूंनाहि तो वार येतो. मग दोन सभ्य गृहस्थ दारांत ‘आधीं आपण, आधीं आपण’ करीत उभे राहावे, तसे दोन खड्गधारी एकमेकांकडे पाहात तिष्ठत राहतात. २०२५ च्या फेब्रुवारींत या कथेचा दुसरा भाग आला, त्यांत वाराच्या दिशा पांचांच्या चार झाल्या आहेत, आणि हा वस्तादी वारहि केवळ हातीं तलवार असतां, शत्रूच्या वाराच्या उलट दिशा धरली तरच साधतो. म्हणजे तेथें पुन्हां मोजावें लागतें. हें वाचून आम्हांला संतोष झाला.

दुसरा भाग आमच्या जुन्या संगणकाला पेलत नाहीं. म्हणून आम्हीं पहिलाच भाग पुन्हां मुळापासून आरंभिला आहे. गांव पुन्हां जळालें, आईबापांना पुन्हां मूठमाती दिली, बापाची तलवार पुन्हां गेली. सगळे धडे क्रमानें घेतले. शेवटला मात्र बर्नार्डपाशीं मागितला नाहीं. त्याचा राखीव डाव त्याच्यापाशींच राहूं द्यावा, असें आम्हीं ठरविलें आहे. आमच्या फिरावयाच्या गटांतील एका स्नेह्यांना ही हकीकत सांगितली तेव्हां ते म्हणाले, “अहो, पण जिंकण्याची युक्ति हातची सोडून हरत कशाला बसतां? आणि जिंकलांत तरी त्याचा उपयोग काय?” त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर सोपें आहे. उपयोग कांहीं नाहीं. ज्या विद्या आमच्या हातून गेल्या त्या सर्व उपयोगाच्याच होत्या, आणि घरच्यांनीं त्या एकेक करून आपल्या अंगावर घेतल्या त्याहि उपयोगाच्या म्हणूनच. निरुपयोगी विद्येचें एक सुख असें कीं ती कोणी काळजीपोटीं काढून घेत नाहीं.

पहिला प्रश्न अधिक खोल आहे. ज्या लढाईंत हार होणें शक्य नाहीं, तींत आम्हीं काय केलें हें आम्हांला कसें कळणार? आमच्या वयाच्या माणसाशीं जग फार सौम्यपणें वागतें. पत्त्यांत नातवंडें मुद्दाम हरतात, वादांत मुलगा मुद्दाम गप्प बसतो, आणि जिन्यावर कोणीहि अनोळखी मनुष्य हात धरतो. त्या सर्वांचे आम्ही ऋणी आहों. परंतु रतायेच्या रानांतला लुटारू आमचें वय विचारीत नाहीं. तो आम्हांला मारतो तें आम्ही चुकलों म्हणून, आणि मरतो तें आम्हीं बरोबर मोजलें म्हणून. असा रोखठोक हिशेब आजकाल आमच्याशीं दुसरें कोणी ठेवीत नाहीं.

सांप्रत आमची प्रगति म्हणाल तर, एकटा शत्रु आला तर त्याला आम्ही बहुधा पुरून उरतों. दोघे आले तर त्यांना रेषेंत आणून निम्म्या वेळां तरी निभावतों. तिघे आले म्हणजे मात्र अजून पळावें लागतें. पळण्यांतहि दम राखण्याची आणि मागें न पाहतां अंतर ओळखण्याची एक रीत आहे. ती येत्या हिवाळ्यांत साधावी असा विचार आहे.